डाव्या हातानं लावलेलं बटण

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळ्या बाया भिंग म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागं. पण पाठीमागचं तिला ऐकू येत नाही असं समजणारी बाई त्या कारखान्यात महिनाभर टिकली नसती.

तिचं काम चेकिंगचं. शिवून तयार झालेला थंडीचा कोट सगळ्यांत शेवटी तिच्या टेबलावर यायचा. ती तो उलटा करायची, बगलेत मूठ घालून शिवण ताणायची, खिशाचा कोपरा ओढायची, प्रत्येक बटणाला हिसका द्यायची, आणि मगच आतल्या खिशाखाली आपल्या नंबराची नखाएवढी पट्टी टाचायची. नंबर चौदा. चौदा नंबरचा माल कधी परत येत नाही, असं मालक गिऱ्हाइकांना छाती काढून सांगायचा. शिलाईच्या बाया म्हणायच्या, ही मेली तरी वर जाऊन विचारेल की माणसाच्या पाठीची शिवण कुठं लपवलीत म्हणून.

कामामुळं असा स्वभाव झाला की स्वभावामुळं काम मिळालं, हे सांगणं अवघड. बसवर पाटी असली तरी ती कंडक्टरला विचारायची, कुठं जाते? तो पाटीकडं बोट दाखवायचा. ती म्हणायची, पाटी कालचीही असू शकते. पाव घेताना ती वरून नाही, खालून बघायची. नवरा पहिल्यांदा तिच्या घरी आला तेव्हा तिनं त्याचं तोंड बघितलं नाही, शर्टाची कॉलर बघितली.

"ही उलटवून कोणी शिवली?"

"मीच," तो म्हणाला. तो प्लंबर. "पंपाचे चामडी वायसर शिवतो, त्यातच हात बसला."

"बरी आहे."

त्या दोघांचं प्रेमाचं म्हणून जे काही बोलणं झालं असेल ते एवढंच. पण ते टिकलं. नऊ वर्षं झाली. एक मुलगी सात वर्षांची, तिला घरात थोरली म्हणत. एक मुलगा पाच वर्षांचा, तो धाकटा.

हा ओढून बघायचा नाद तिला लागला तो बापाकडून. बाप शिंपी, डावखुरा. ती पाच वर्षांची असताना आई गेली, आणि मग वेणीफणीपासून शाळेच्या दप्तरापर्यंत सगळं बापानंच केलं. ती कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात वाढली, मांजराच्या पिलासारखी. बाप वरून कात्री चालवत सांगायचा, "दुसऱ्याच्या शिवणीवर एकदा विश्वास ठेवला तर चालेल. आपल्या नाही. आपली ओढून बघायची."

त्याच बापाशी ती तीन वर्षं बोलली नव्हती.

झालं होतं असं. तीन हिवाळ्यांपूर्वी, थोरली चार वर्षांची असताना, तो तिला गावाबाहेरच्या तळ्यावर फिरायला घेऊन गेला. बदकं दाखवायची, नावा बघायच्या, उन्हं कलायच्या आत परत यायचं. तिथं एक गृहस्थ नवा कोट घालून चालला होता आणि त्याच्या कोटाची डावी बाही खांद्यावर चुकीची बसवली होती. दुसऱ्या कोणाच्या नजरेसही पडलं नसतं. पण शिंप्याला ते डोळ्यात कुसळ गेल्यासारखं झालं. तो त्या माणसाच्या मागं गेला, त्याला थांबवलं, बाही कुठं उसवायची, कुठं अर्धं बोट दाबायची, सगळं समजावून सांगितलं. माणसालाही ते पटलं. दोघं दहा मिनिटं बोलत राहिले. मागं वळून बघतो तर पोर नाही.

चाळीस मिनिटांनी नावाड्याला ती सापडली, काठावरच्या नावेत खाली अंग मुडपून बसलेली. तिच्या मनानं ती लपाछपी खेळत होती. एक बूट ओला होता. एकच. भिंगानं त्या ओल्या बुटाकडं बघितलं आणि बापाला म्हणाली, "या हातांत माझं पोर पुन्हा द्यायचं नाही." बाप काहीच बोलला नाही. तेही तिला लागलं. निदान भांडला तरी असता. त्या दिवसापासून तिनं त्याच्या दुकानाची गल्ली सोडली. बाजारात जायला लांबचा रस्ता धरला. आणि नवऱ्याला सांगून टाकलं, पोरांना कुठंही न्या, तळ्याकडं नाही.

थंडी आली की कारखान्यात काम अंगावर यायचं, रविवारीसुद्धा जावं लागायचं. मग रविवारी पोरं नवऱ्याच्या ताब्यात. तो त्यांना फिरवून आणायचा. कधी टेकडी, कधी जुन्या इंजिनांचं संग्रहालय, कधी बागेतलं काचेचं घर, जिथं आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते. ती सकाळी डबा भरून द्यायची. तीन उकडलेली अंडी, पाव, तीन संत्री, थर्मासमधे चहा. संध्याकाळी सहाला ती घरी यायची तेव्हा दोन्ही पोरं गरम पाण्याच्या एकाच बादलीत पाय सोडून बसलेली असायची, आणि कुठं गेलो, काय बघितलं, हे दोघं एकदम सांगत एकमेकांना ढोसायची.

त्या वर्षी डिसेंबरात एका रविवारी ती घरी आली, आणि पोरं ढोसेनात.

"कुठं गेला होतात?"

"टेकडीवर," थोरली म्हणाली.

"टेकडीवर," धाकटा म्हणाला.

"काय बघितलं?"

"झाडं," थोरली म्हणाली. धाकट्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मग म्हणाला, "झाडं."

भिंगाच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. धाकटा कधी कोणाचं ऐकून बोलत नसे. थोरलीनं पांढरं म्हटलं की हा काळं म्हणणार, अशी त्याची जात. आज तो बहिणीच्या मागं मेंढरासारखा चालला होता.

ती उठली. बूट उचलून दाराबाहेर ठेवायला गेली आणि तळवे उलटे करून बघितले. टेकडीची माती तांबडी, चिकट, वाळली की कौलासारखी तुकड्यांनी निघते. बुटांना लागली होती काळी, आणि त्यात एक बारीक पांढरं पीस.

आत येऊन तिनं थोरलीच्या डोक्यावर हात फिरवला. वेणी घातलेली होती. सकाळी तिनं घाईत नुसतं रबर लावून केस सोडले होते. ही वेणी घट्ट होती, तिपेडी, शेवटपर्यंत सारखी. एक बट इकडं-तिकडं नाही. नवऱ्याला वेणी घालता येत नव्हती. तो पाइपला सुतळी गुंडाळतो तशी पोरीच्या केसांना रिबीन गुंडाळायचा.

"वेणी कोणी घातली ग?"

थोरली पाण्यात बोटं हलवत बसली. "बाबांनी."

नवरा स्टोव्हपाशी होता. तो वळला नाही. "जमली एकदाची," तो म्हणाला.

आता हे दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरलॉकवालीला सांगितलं. ओव्हरलॉकवाली कपड्याच्या कडा गुंफायच्या मशीनवर बसायची. तिच्या मशीनचा आवाज एवढा मोठा की तिथं बोललेलं फक्त तिलाच ऐकू यायचं, त्यामुळं निम्म्या कारखान्याची गुपितं तिच्यापाशी जमा होती.

"वेणी?" ओव्हरलॉकवालीनं मशीन थांबवलं. ते ती सहसा थांबवत नसे. "माती सोड. माती कुठलीही लागते. पण वेणी म्हणजे बाई."

"तो तसला नाही."

"कोणाचाच तसला नसतो ग. माझ्या मावशीचा नवरा बारा वर्षं तसला नव्हता."

"पोरांना घेऊन कोण जातं असल्या कामाला?"

"पोरं घेऊनच जातात. पोरांना घेऊन निघालेल्या बापावर कोणी संशय घेतं का?" तिनं भिंगाकडं नीट बघितलं. "तू सोडून."

झालं. ते बी पडलं आणि भिंगाच्या डोक्यासारखी कसदार जमीन दुसरी नव्हती. त्या आठवड्यात तिनं नवऱ्याचे शर्ट धुवायच्या आधी हुंगले. ग्रीस, चुना आणि साबण. तिनं त्याची हत्यारांची पेटी उपसली. पाने, टेफ्लॉनची टेप, अर्धी मेणबत्ती, आणि तिनंच कधीतरी दिलेला रुमाल, वापरलेला. तो जेवताना तिच्या ताटाकडं बघून म्हणाला, "पुढच्या रविवारी अंडं एखादं जास्त घाल. थंडीत भूक लागते पोरांना." ती म्हणाली, "घालते की." आणि मनात म्हणाली, चौथं तोंड.

रविवारी तिनं अंडी तीनच घातली. संध्याकाळी डबा उघडून टरफलं मोजली. तीन अंड्यांचीच होती. पण थर्मासचं झाकण हुंगलं तर चहा कोणीतरी झाकणातून प्यालेला. नवरा कधी झाकणातून पीत नसे, तो पेला घेऊन जायचा, आणि पोरांना चहा मिळत नसे.

धाकटा बादलीत पाय ठेवून डुलक्या खात होता. थोरली परसात हात धुवायला गेली होती. भिंगानं त्याचा पाय पुसायला घेतला आणि अगदी सहज आवाजात विचारलं,

"काय खेळलात रे आज?"

"बैल बैल."

"कसं खेळतात?"

"मी डावा बैल. ताई उजवा." डोळे मिटूनच तो सांगत होता. "मी जास्त ओढतो. मी ताकदीचा आहे."

"आणि हाकायला कोण?"

डोळे उघडले. त्यानं आईकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं, आणि पाच वर्षांच्या पोराला साधेल तेवढ्या हुशारीनं म्हणाला, "बाबा."

भिंगाला रात्रीच्या भाजीत मीठ किती घातलं ते आठवेना. दोन बैल आणि हाकणारी बाई. आपल्या पोटच्या पोरांना कोणीतरी दावणीला बांधतंय आणि पोरं खुशीनं मान देतायत. नवरा गेला तर गेला, असा विचारसुद्धा तिच्या मनाला शिवून गेला. प्लंबर काय, शहरात पुष्कळ. पण पोरं आपल्याशी खोटं बोलायला लागली, आणि तेही एका सुरात, हे तिला सोसेना. ती दुसऱ्याची शिवण बघून सांगायची की इथं कामगारीण शिंकली असेल. स्वतःच्या घरात कोण येऊन टाका घालून गेलं, हे तिला दिसत नव्हतं.

मग तिनं सापळा लावला. तोही आपल्या धंद्यातला.

पुढच्या रविवारी सकाळी धाकट्याचा कोट घालायच्या आधी तिनं वरून दुसऱ्या बटणाचा दोरा ब्लेडनं कातरला, एक पदर ठेवून. बटण लोंबायला लागलं. तुटलं नाही, लोंबलं. तिचा हिशोब सरळ होता. नवऱ्याला लोंबतं बटण दिसणार नाही, त्याला नळ सोडून काही दिसत नाही. नुसती ओळखीची बाई असेल तर म्हणेल, अरे, बटण गेलं बघ, आणि सोडून देईल. पण जिला या घरात पाय ठेवायचाय, ती बटण लावून देणार. ती गप्प बसूच शकणार नाही.

दिवसभर तिनं टेबलावर चौऱ्याऐंशी कोट बघितले आणि त्यातले एकोणीस परत पाठवले. शिलाईच्या बायांनी त्या दिवशी तिला भिंग म्हटलं नाही, दुसरंच काहीतरी म्हटलं.

संध्याकाळी कोट खुंटीला होता. दुसरं बटण जागेवर होतं.

तिनं कोट खिडकीपाशी नेला. हिसका दिला. बटण हललं नाही. मग तिनं बटण उचलून त्याच्या खाली बघितलं. बटण आणि कापड यांच्यामधे दोऱ्याची मान होती. जाड कापडावर बटण अंगाशी चिकटवून चालत नाही, काजाची जाडी बसायला जागा लागते. म्हणून चांगला कारागीर थोडं सैल लावतो आणि त्या सैल दोऱ्यांना खालून दोरा गुंडाळून मान करतो. इथं मान होती. पाच वेढे, एकावर एक नाही, एकाशेजारी एक. आणि ते वेढे उलटे होते.

कारखान्यातल्या सगळ्या बाया दोरा एका बाजूनं फिरवायच्या. ती स्वतःही. जगातले उजव्या हाताचे सगळे त्याच बाजूनं फिरवतात. हा दुसऱ्या बाजूनं फिरवला होता.

ती कोट हातात धरून खुर्चीवर बसली. तिला आधी थोरलीची वेणी आठवली. घट्ट, तिपेडी, शेवटपर्यंत सारखी. बाप तिलाही तशीच घालायचा. शाळेत बाकीच्या पोरी तिला म्हणायच्या, तुझी आई काय ओढून वेणी घालते ग, आणि ती सांगायची नाही की आई नाही.

बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला खरोखर वाटलं. बाईशी भांडता येतं, तिच्या दारात जाऊन चार घरांना ऐकू जाईल असं बोलता येतं. इथं नवऱ्यानं तिची पोरं त्याच माणसाच्या हातांत दिली होती ज्याच्या हातातून एकदा सुटली होती. आणि तळ्यावरच दिली होती. काळी माती, बदकाचं पीस. तो कोणाच्या तरी बाहीमागं जाईल, कॉलरमागं जाईल, आणि या वेळी एक बूट नाही, दोन पोरं.

नवरा मोरीत पाय धूत होता. तिनं त्याला विचारलं नाही. विचारलं तर तो सांगेल, आणि सांगितलेल्यावर तिचा विश्वास नव्हता. ओढून बघायला हवं होतं.

शनिवारी तिनं सुपरवायझरला सांगितलं की उद्या दात काढायचाय. सात वर्षांत तिनं एक दिवस दांडी मारली नव्हती. सुपरवायझर म्हणाला, "कोणाचा?" ती म्हणाली, "माझा," आणि त्यानं वहीत रजा लिहिली.

रविवारी ती नेहमीच्या वेळेला कामावर निघाली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात शिरली. वीस मिनिटांनी नवरा पोरांना घेऊन बसथांब्यावर आला. टेकडीची बस आली आणि गेली. तळ्याची आली, त्यात ते चढले. मागच्या बसनं ती गेली. कंडक्टरला विचारलं, कुठं जाते? सवयीनं.

तळ्यावर ऊन होतं, पण वारा असा की कानाच्या पाळ्या लाकडाच्या झाल्या. पुष्कळ घरं पोरांना घेऊन आलेली. कोणी बदकांना पाव टाकत होतं, कोणी पोराचं नाक पुसत होतं. ओव्हरलॉकवालीकडून मागून आणलेली तपकिरी शाल डोक्यावरून घेऊन ती सुरूच्या झाडाआड उभी राहिली.

नवरा बाकावर बसला होता, थर्मास शेजारी. आणि पलीकडं, नावा जिथं काठावर ओढून ठेवतात तिथं, तिचा बाप.

तीन वर्षांत तो आखडला होता. लांब जुना ओव्हरकोट आता त्याच्या अंगावर दोन मापं मोठा दिसत होता. एका बाजूला थोरली, एका बाजूला धाकटा. तो चालत होता, पोरं चालत होती. पोरांचे हात त्याच्या हातांत नव्हते. तिनं नीट बघितलं. नव्हतेच. म्हातारा दोन्ही हात खिशात घालून चालला होता.

हातसुद्धा धरत नाही, तिनं दात आवळले. सुधारला नाही. जरासुद्धा नाही. ती वाट बघत राहिली. आता कोणाचा तरी कोट जवळून जाईल आणि हा मागं वळेल, आणि मग ती पुढं होईल. तिला तो वळायला हवाच होता, खरं सांगायचं तर.

आणि तेवढ्यात तिच्या समोरून एक बाई गेली. निळा कोट, रुंद कॉलर. कोट त्यांच्या कारखान्याचा, गेल्या वर्षीचा. बाईनं पोराकडं बोट दाखवायला हात वर केला आणि भिंगाला बगल दिसली. उसवली होती. चांगली चार बोटं उसवली होती आणि आतलं अस्तर जिभेसारखं बाहेर आलं होतं.

"अहो, जरा थांबा," ती म्हणाली.

बाई थांबली.

"हा कोट कधी घेतला?"

"का? तुमचा आहे का?"

"एका अर्थी. हात वर करा बघू."

त्या बाईनं भिंगाच्या तोंडाकडं बघून हात वर केला. काही माणसांनी सांगितलं की करावंच लागतं. भिंगानं बगल चाचपली, दोऱ्याचं टोक नखानं ओढलं, मग कोटाचा पल्ला उघडून आतल्या खिशाखाली बघितलं. चौदा. तिची स्वतःची पट्टी.

"धुताना पिळला होता का?"

"नाही हो. घातला आणि आठ दिवसांत गेला. दोन घरचे पाहुणे लांबून आले होते, त्यांच्यासमोर गेला."

"दोऱ्याचा ताण कमी होता मशीनचा. दिसायला हवं होतं." ती स्वतःशीच बोलत होती. "बगलेत मूठ घातली असती तर दिसलं असतं. घातली नसेल मी."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," बाई म्हणाली आणि आपला कोट सोडवून घेऊन गेली.

भिंग वळली. नावांपाशी कोणी नव्हतं.

बाक रिकामा होता. थर्मास होता, नवरा नव्हता. तिनं काठ पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत बघितला. टोप्या होत्या, तांबड्या, पिवळ्या, सगळ्या दुसऱ्यांच्या. तिनं किती वेळ कोट बघितला होता? एक मिनिट? पाच? तिला सांगता येईना. शाल खांद्यावरून गळली ती तिनं उचलली नाही. ती धावत नावांपाशी गेली. पहिल्या नावेत वाकून बघितलं. दुसरीत. तिसरी पालथी होती, तिच्या खाली हात घालून बघितलं. पाय चिखलात गेला आणि बुटात पाणी शिरलं, बर्फासारखं. ती चौथ्या नावेकडं वळली.

मग नावाड्याच्या पत्र्याच्या शेडमागून आवाज आला. "हर्र, हर्र. डावा, दमानं."

शेडमागून आधी थोरली आली, मग धाकटा, आणि दोघांच्या मधून तिचा बाप. त्याच्या ओव्हरकोटाच्या पट्ट्यातून दोन पट्टे निघाले होते, एक इकडं, एक तिकडं. कोटाच्या आत घालतात त्या जाड कॅनव्हासचे, दुहेरी शिवलेले, साडेतीन हात लांब. लांबून ते कोटाच्या घेरातच मिसळून गेले होते. एकेका पट्ट्याचं टोक एकेका पोराच्या कोटाखाली जाऊन छातीभोवती गेलेलं, आणि बक्कल पाठीवर, पोरांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

बापानं तिला बघितलं. तिच्या ओल्या बुटाकडं बघितलं.

"आलीस," तो म्हणाला.

"कुठं गेला होतात?"

"याला लघवीला लागली होती. शेडमागं नेलं."

"आणि हिला?"

"तिलाही न्यावं लागतं. सुटं करता येत नाही ना." त्यानं पट्ट्यावर हात ठेवला. "ती तोंड फिरवून उभी राहते."

"मी डोळेपण मिटते," थोरली म्हणाली, अगदी हळू. आईच्या चेहऱ्यावरून आज वातावरण कसं आहे याचा तिला अंदाज येत नव्हता.

भिंग पुढं झाली. बापाशी बोलली नाही, पट्टा हातात घेतला. थोरलीकडचा ओढला, दोन्ही मुठींत धरून, पाय रोवून. म्हातारा जागचा हलला पण शिवण हलली नाही. मग धाकट्याकडचा ओढला. कमरेच्या पट्ट्याला तो जिथं जोडला होता तिथं बारीक करकर झाली. तिनं सांधा उलटा करून बघितला.

"हे सैल झालंय."

"डावा बैल ओढतो फार."

"इथं चौकट मारायला हवी होती. आणि आत फुली."

"मारलीय."

"एकेरी."

बापानं सांध्यावर डोळे आणले, पार नाकापाशी. बघितला. "हं," तो म्हणाला. "दुहेरी मारली असं मला वाटलं. नजर गेली आता थोडी."

वारा होता. धाकटा पट्ट्याला लोंबकळून मागं रेलला होता, आणि पट्टा त्याला धरून होता. भिंगाला खरं म्हणजे पुष्कळ काही म्हणायचं होतं. तीन वर्षं ते सगळं तिनं घडी घालून ठेवलं होतं. पण बुटात पाणी पचपचत होतं.

"एका बाईचा कोट बघत होते मी," ती म्हणाली. "तेवढ्यात तुम्ही दिसेनासे झालात."

बापानं तिच्याकडं बघितलं. "बगल?"

"बगल."

"दोरा कुजका असेल."

"दोरा चांगला होता. माझाच नंबर होता आत."

तो हसला नाही. हसला असता तर ती तिथूनच परत फिरली असती. त्यानं नुसती मान हलवली, बाहीला माप लागत नाही तेव्हा हलवायचा तशी.

नवरा तेवढ्यात शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन आला. त्यानं बायकोला बघितलं आणि पुडी हातातच वाकडी झाली, दाणे खाली पडायला लागले, बदकं धावली.

"तुझी सुट्टी?" तो म्हणाला.

"तुमची टेकडी?" ती म्हणाली.

मग त्यानं सांगितलं. त्या रविवारी टेकडीवर धुकं होतं, पोरं रडायला लागली, म्हणून इकडं आणलं. हे इथं या बाकावर बसलेले. दर रविवारी बसतात म्हणे, तीन वर्षं, नावांकडं तोंड करून. थोरलीनं ओळखलं. मी म्हटलं लांबूनच बोला, पण तिचे सुटलेले केस बघून यांनी वेणी घालून दिली, तेवढीच. पुढच्या रविवारी हे पट्टा शिवून घेऊन आले. म्हणाले, पोरं माझ्या हातांत देऊ नका, कमरेला द्या.

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"होतं," प्लंबर म्हणाला. "पण तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

ते खरं होतं. पण चार रविवार तोंडाला कुलूप लावून, वेणी जमली म्हणून सांगणारा हा माणूस आणखी काय काय आत ठेवून बसला असेल, हा किडा तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. अजूनही ती अधूनमधून त्याची हत्यारांची पेटी उपसते. तो बघतो आणि म्हणतो, मेणबत्ती मोजलीस का?

पट्टा तिनं त्या दिवशी घरी आणला. आठवडाभर तो टेबलावर होता. तिनं डावा सांधा सगळा उसवला, दुहेरी चौकट मारली, आत फुली, फुलीवर आडवी शिवण. उजवाही उसवला, त्यात काही खोट नव्हती तरी. आणि आतल्या बाजूनं, कोणाला दिसणार नाही अशी, नखाएवढी पट्टी टाचली.

शनिवारी संध्याकाळी कामावरून येताना ती लांबच्या रस्त्यानं आली नाही. दुकानाच्या गल्लीत वळली. बाप दिव्याखाली एक पँट आखूड करत बसला होता. तिनं पट्टा त्याच्यासमोर ठेवला. त्यानं पँट बाजूला सारली, पट्टा मांडीवर घेतला, एक टोक पायाखाली दाबलं आणि डाव्या हातानं ओढलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग उलटा केला. चौदा नंबर दिसला. त्यावरून त्यानं अंगठा फिरवला आणि पुन्हा ओढायला लागला.

"झालं का?" ती म्हणाली.

"थांब."

ती थांबली. आपली शिवण दुसरा कोणी असा ओढून बघतोय, हे कारखान्यात तिच्या नशिबी कधी आलं नव्हतं.

"उद्या अंडी चार देते," ती म्हणाली. "पण काठानं चालायचं नाही, आतल्या रस्त्यानं. आणि कोणाच्या कोटाकडं बघायचं नाही."

"तूही," बाप म्हणाला, आणि डावा सांधा अजून एकदा ओढून बघितला.